तीन दशकांनंतर हर्गेसाला: जावे, पण प्रमुखपद घेऊन नव्हे

एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांचे यजमान मूळचे हर्गेसा शहराचे, म्हणजे सोमालियापासून वेगळ्या झालेल्या सोमालीलँडच्या राजधानीचे. 1986 साली ते शिक्षणासाठी पुण्यात आले, 1988 मध्ये त्यांचे शहर बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाले आणि परतीची वाट बंद झाली. पुण्यातच दोघांची ओळख आणि पुढे लग्न झाले. गेली तीसहून अधिक वर्षे ती दोघे इंग्लंडमध्ये आहेत. यजमान तेथील एका रुग्णालयाच्या रक्ततपासणी प्रयोगशाळेत वरिष्ठ पदावर असून त्यांचे वय 59 आहे. आता हर्गेसातील एका रुग्णालयाने त्यांना प्रयोगशाळेचे प्रमुखपद देऊ केले आहे. त्यांनी जावे का, गेले तर काय सांभाळावे आणि आपण स्वतः काय करावे, असे ताईंचे तीन प्रश्न आहेत.

प्रयोगशाळा उभ्या करणे आणि त्याहून अवघड म्हणजे त्या चालू ठेवणे, हे माझे काम. 2004 ते 2008 या काळात मी काबूलमध्ये होते आणि 2010 पासून अधूनमधून हर्गेसात काम करत आले आहे. वीस-पंचवीस वर्षे परदेशात काढून मायदेशी कामाला परतलेली माणसे मी दोन्ही ठिकाणी शेजारच्या टेबलावर बसून पाहिली. त्यांपैकी काही टिकली, बरीचशी वर्षाच्या आत माघारी गेली. त्या अनुभवावरून माझे उत्तर आधीच सांगते. त्यांनी जरूर जावे, पण प्रमुख म्हणून जाऊ नये, निदान पहिल्या वर्षी तरी नाही. पुढचे सारे विवेचन या एका अटीभोवती फिरणार आहे.

ही अट त्यांच्या योग्यतेविषयी शंका आहे म्हणून घातलेली नाही. युद्धाने मोडलेल्या शहरातले रुग्णालय म्हणजे रिकामी इमारत, आणि आपण जाऊन तिच्यात प्राण ओतायचा, असे दूर राहिलेल्या माणसाला नकळत वाटत असते. ते रुग्णालय रिकामे कधीच नसते. कोणीतरी ते त्या काळात चालवलेले असते, बहुधा महिनोन्महिने पगाराविना, आणि त्या चालवण्याच्या रीतीमागे अशी कारणे असतात जी कोणत्याही कागदावर लिहिलेली नसतात.

काबूलचा एक प्रसंग सांगते. 2001 च्या अखेरीस तालिबानची सत्ता गेली आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने शिकलेल्या अफगाणांना परत आणण्याची योजना सुरू केली. जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांतून डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक येऊ लागले. मी ज्या प्रयोगशाळेत होते तिथे जर्मनीत चोवीस वर्षे काढलेले एक डॉक्टर प्रमुख म्हणून आले. विद्वान गृहस्थ, हेतू स्वच्छ. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, “इथे आधी काहीच नव्हते असे समजून आपण सुरुवात करू.” समोर जे वयस्क तंत्रज्ञ बसले होते त्यांनी 1992 नंतरची रॉकेटहल्ल्यांची वर्षे आणि त्यापुढची तालिबानची पाच वर्षे तीच प्रयोगशाळा चालवली होती. वीज नसे तेव्हा ते सूक्ष्मदर्शक खिडकीशी नेत, त्याचा आरसा उन्हाकडे फिरवत आणि मलेरियाच्या स्लाइड वाचत. खिडकीच्या चौकटीवर आरसा कोणत्या वेळी कोणत्या कोनात धरायचा याच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, ऋतूनुसार वेगवेगळ्या. नव्या प्रमुखांनी खोली रंगवून घेतली, तेव्हा त्या खुणाही गेल्या.

तंत्रज्ञ काहीच बोलले नाहीत. पुढे आठ महिने त्यांनी विचारल्याशिवाय एकही शब्द काढला नाही. दरम्यान एक मोठा ॲनालायझर, म्हणजे नमुने आपोआप तपासणारे यंत्र, आला आणि तीन आठवड्यांत त्याचे सर्किट जळाले. सकाळी अकराच्या सुमारास धुलाईखान्याचे हीटर सुरू झाले की आमच्या बाजूचे व्होल्टेज कोसळते आणि ते बंद झाले की एकदम उसळते, हे त्या वृद्ध तंत्रज्ञांना पक्के ठाऊक होते. कोणी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. मी त्यांना नंतर कारण विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले की इथे आधी काहीच नव्हते, मग धुलाईखाना तरी कुठून असणार.

काबूलमध्ये परतलेल्यांसाठी एक कुत्सित शब्द रूढ झाला होता, ‘सगशुई’, म्हणजे कुत्री धुणारे. अमेरिकेत साहेबांची कुत्री धूत होता आणि इथे येऊन आमच्यावर साहेबी गाजवता, असा त्याचा रोख. हा शब्द ज्यांना लागला त्यांतले अनेक जण खरोखर कर्तबगार होते. अश्रफ घनी 1977 मध्ये देशाबाहेर गेले, जागतिक बँकेत मोठ्या पदावर पोहोचले, डिसेंबर 2001 मध्ये परतले आणि अर्थमंत्री होऊन चलनबदलासारखे कठीण काम त्यांनी पार पाडले. तरीही बाहेरून आलेला माणूस हा शिक्का राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही पुसला गेला नाही, आणि 15 ऑगस्ट 2021 रोजी ते देश सोडून गेले तेव्हा तर टीकाकारांना आपलेच म्हणणे खरे ठरल्याचे समाधान मिळाले. तुमच्या यजमानांची गोष्ट राजकारणाची नाही हे खरे, पण प्रयोगशाळेच्या चार भिंतींत हीच मोजपट्टी लहान आकारात लागते.

आता हर्गेसाकडे येते, कारण तिथला ‘थांबलेले’ आणि ‘परतलेले’ यांचा हिशेब काबूलहून वेगळा आहे. 1988 च्या मे महिन्याच्या अखेरीस बंडखोर शहरात शिरले आणि सोमालियाचा हुकूमशहा सियाद बार्रे याच्या सैन्याने तोफा आणि विमाने यांनी शहर जमीनदोस्त केले. ही विमाने त्याच शहराच्या विमानतळावरून उडत होती. लोक पायी इथिओपियात गेले आणि हार्तेशेखच्या छावणीत राहिले. 1991 मध्ये सियाद बार्रेची सत्ता पडली, मे महिन्यात सोमालीलँडने स्वतंत्र होत असल्याची घोषणा केली आणि हे लोक छप्परे नसलेल्या, सुरुंग पेरलेल्या शहरात परत आले. म्हणजे हर्गेसात जवळजवळ सगळेच परतलेले आहेत. फरक आहे तो चालत परतलेल्यांत आणि विमानाने परतणाऱ्यांत. विमानाने येणाऱ्यांना तिथे ‘कुरबाजोग’, म्हणजे परदेशवासी म्हणतात. हा शब्द शिवी नाही, पण तो कोणत्या सुरात उच्चारला जातो याकडे लक्ष ठेवावे, कारण त्या सुरावरून आपले दिवस कसे चालले आहेत ते बरोबर कळते.

याला उलट उदाहरण म्हणून एदना अदान यांचे नाव घेतले जाईल, म्हणून त्याविषयीही लिहिते. 1937 साली हर्गेसात जन्मलेल्या एदनाबाई ब्रिटनमध्ये परिचारिका आणि सुईण म्हणून शिकल्या, जागतिक आरोग्य संघटनेत त्यांनी दीर्घकाळ काम केले, 1997 मध्ये निवृत्त झाल्या आणि स्वतःची पुंजी आणि पेन्शन घालून त्यांनी हर्गेसात प्रसूतिरुग्णालय बांधले. पूर्वी कचरा टाकण्याची म्हणून ओळखली जाणारी जागा त्यांना मिळाली होती आणि 2002 मध्ये तिथे रुग्णालय सुरू झाले. 2023 साली त्यांना टेम्पलटन पुरस्कार मिळाला. त्या प्रमुख म्हणून आल्या आणि यशस्वी झाल्या, मग माझ्या यजमानांनी का येऊ नये, असे तुम्ही विचाराल. त्या कोणाच्या खुर्चीवर येऊन बसल्या नाहीत, हे त्याचे उत्तर. जिथे काहीच नव्हते अशा जागेवर त्यांनी आपली खुर्ची स्वतः मांडली आणि पुढची अनेक वर्षे स्थानिक मुलींना सुईणीचे शिक्षण देण्यात घालवली. तुमच्या यजमानांना जी खुर्ची देऊ केली आहे तिच्यावर आज कोण बसले आहे, हे तुमच्या पत्रात नाही. त्यांनी रुग्णालयाला विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे. विश्वस्तांना देणगीदारांसमोर ठेवायला विलायतेत काम केलेले एक नाव हवे असते, ही गोष्टही मनात असू द्यावी.

पगाराचा मुद्दा याला चिकटूनच येतो. काबूलमध्ये त्या काळी सरकारी कर्मचाऱ्याचा महिन्याचा पगार साधारण 50 डॉलर होता आणि परतलेल्या सल्लागारांना परदेशी निधीतून त्याच्या कित्येक पट मिळत असे. विदेशी संस्थेचा वाहनचालकसुद्धा सरकारी डॉक्टरपेक्षा जास्त कमवत असे. आकडे कोणी सांगत नाही, पण ते सगळ्यांना माहीत असतात. हर्गेसात दरी तेवढी मोठी नसेल, पण ती आहे. सरकारी रुग्णालयातला तंत्रज्ञ दुपारनंतर खासगी लॅबमध्ये काम करतो तो लोभाने नव्हे, त्याशिवाय त्याचे घर चालत नाही म्हणून. हे लक्षात न घेता “पूर्णवेळ प्रयोगशाळा चालू ठेवू” असा फतवा नव्या प्रमुखाने काढला की पहिल्या महिन्यातच अर्धी माणसे आजारी पडतात. माझा सल्ला असा की यजमानांनी स्थानिक वरिष्ठाइतकाच पगार रुग्णालयाकडून घ्यावा, आणि त्यांना ज्यादा रकमेची गरज असेल तर ती कोणत्या निधीतून, किती महिन्यांसाठी आणि कोणाच्या माहितीने येणार हे लेखी ठरवून घ्यावे. इंग्लंडमधले घर फेडून झालेले असेल तर हे जमण्यासारखे आहे. नसेल तर आणखी चार वर्षे थांबणे बरे.

मग जायचे कसे? तीन महिन्यांसाठी, सल्लागार म्हणून, सध्याच्या प्रमुखांच्या हाताखाली. ही कल्पना माझी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने 1977 मध्ये तुर्कस्तानपासून अशी योजना सुरू केली, जिच्यात परदेशस्थ तज्ज्ञ काही आठवडे किंवा महिने मायदेशी येऊन काम करत. नेदरलँड्समधून अफगाणिस्तानसह अनेक देशांत तीन महिन्यांच्या नेमणुका होत. फिनलंडमधले सोमाली डॉक्टर आणि परिचारिका अशाच योजनेतून हर्गेसाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाळीपाळीने येत राहिल्या. पाळीपाळीने येण्याचा मोठा फायदा असा की माणूस परत जातो, तिथे स्थानिक सहकाऱ्याला संपर्कात ठेवतो आणि दुसऱ्यांदा येतो तेव्हा त्याच्याकडे पाहण्याची नजर बदललेली असते. पहिल्या खेपेला तो पाहुणा असतो. दुसऱ्या खेपेला मात्र लोक त्याला खरे दोष सांगू लागतात.

हे तीन महिने जुलै-ऑगस्टमध्ये घेऊ नयेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत लंडन, टोरांटो, मिनेसोटा इथून कुटुंबेच्या कुटुंबे येतात, हॉटेले भरतात, लग्ने होतात आणि सगळे शहर गणपतीत कोकणात दिसते तसे, चाकरमान्यांचे दिसते. खरे हर्गेसा जानेवारी-फेब्रुवारीत पाहावे. त्यात रमजानचे काही दिवस आले तर उत्तमच, कारण कामाचे तास आखडतात तेव्हा व्यवस्था कशावर उभी आहे ते दिसते.

प्रयोगशाळेपुरते थोडे तपशिलात लिहिते, कारण यजमान बहुधा हेच आधी वाचतील. इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत नमुना नळीतून यंत्रात जातो आणि आकडा संगणकावर येतो. मधले काही बिघडले तर कंपनीचा माणूस दुपारपर्यंत येतो. हर्गेसात कंपनीचा माणूस येत नाही. यंत्र निवडताना ते किती चाचण्या करते हे पाहण्यापेक्षा त्यात दुसऱ्या कंपनीचे रिएजंट, म्हणजे चाचणीची रसायने, चालतात का, हे आधी पाहावे. एकाच कंपनीच्या रिएजंटवर अडकलेले यंत्र फुकट मिळाले तरी महाग पडते. देणगीत आलेली, प्लॅस्टिकचे आवरणही न काढलेली अशी यंत्रे मी कोपऱ्यात उभी पाहिली आहेत आणि त्यांच्यावर रजिस्टरांचे गठ्ठे रचलेले असतात. रिएजंट दुबईहून किंवा अदिस अबाबामार्गे येतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटरवर असल्याने हवा सौम्य असते, पण बर्बेरा बंदरात उन्हाळ्यात खोके दोन दिवस उभे राहिले की आतली शीतसाखळी तुटलेली असते आणि लेबलवरची मुदत मात्र शाबूत असते. म्हणून प्रत्येक खेपेबरोबर तापमान नोंदवणारा पट्टा मागवणे आणि रोज सकाळी कंट्रोल सॅम्पल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला नमुना, चालवणे, ही दोन कामे मी मोठ्या यंत्राच्या वर ठेवते.

रक्तपेढीचे गणितही वेगळे आहे. रक्त बहुतांशी नातेवाईक देतात आणि ते जमतात तेही झटपट, कारण वंशावळीच्या नात्याने बांधलेल्या समाजात फोन फिरला की अर्ध्या तासात दहा माणसे दारात उभी राहतात. ही तिथली मोठी ताकद आहे, तिला मागासलेपण समजू नये. अडचण येते ती परिसरात नातेवाईक नसलेल्या, दूरच्या पशुपालक वस्तीतून आणलेल्या बाळंतिणीची. तिच्यासाठी चार पिशव्या शिल्लक ठेवण्याची शिस्त लावता आली, तर यजमानांचे तीन महिने वसूल झाले असे मी म्हणेन. पण ही शिस्तही प्रमुखांच्या तोंडून जाहीर व्हायला हवी.

नोकऱ्यांचा विषय निघेलच. यजमान पोहोचल्याच्या आठवड्यात एखादे काका पुतण्याला घेऊन येतील, मुलगा डिप्लोमा झालेला असेल आणि जागा मागतील. तिथे रुग्णालयाच्या नेमणुकांत कुळाकुळांचा समतोल राखावा लागतो आणि प्रमुखाने एक माणूस घेतला की बाकीच्या कुळांचे लोक हिशेब मांडतात. प्रमुखाला नाही म्हणणे कठीण आणि हो म्हणणे त्याहून कठीण. सल्लागाराला मात्र “अधिकार माझ्याकडे नाहीत, काका” असे खरेखुरे सांगता येते. माझ्या अटीमागचे हे दुसरे, जरा व्यवहारी कारण.

पैशाच्या मागण्यांबाबतही असेच काही ठरवून जावे. लग्न, मयत, औषधपाणी, अपघाताची भरपाई अशा प्रसंगी नातेवाइकांत वर्गणी काढण्याची तिथे जुनी प्रथा आहे, तिला ‘कारान’ म्हणतात, आणि तीस वर्षे दहाबशीलसारख्या हवाला कंपन्यांमार्फत पैसे पाठवणारा माणूस प्रत्यक्ष समोर आल्यावर ती मागणी दुप्पट होते. ही प्रथा मोडू पाहणे चुकीचे, कारण त्याच वर्गणीवर 1991 नंतरचे शहर उभे राहिले. घरातल्या एका जाणत्या वडीलधाऱ्यांशी बसून महिन्याची रक्कम ठरवावी आणि पुढची प्रत्येक मागणी त्यांच्याकडे वळवावी. पैसे मोबाइलवरूनच द्यावेत. 2009 पासून तिथे ‘झाड’ नावाची मोबाइल पैशाची सेवा चालू आहे आणि चहाच्या टपरीवरसुद्धा ती चालते, त्यामुळे प्रत्येक देवाणघेवाणीची नोंद राहते.

जमिनीविषयी मात्र मी कडक शब्दांत सांगणार आहे: पहिल्या दोन वर्षांत एक फूटही जागा घेऊ नये. युद्धात नोंदी नष्ट झाल्या, सीमा पुसल्या गेल्या, एकच प्लॉट दोनदा-तीनदा विकला गेला आणि तिथल्या न्यायालयांत सर्वांत जास्त तंटे जमिनीचेच येतात. माझ्याबरोबर काम करणाऱ्या, कॅनडातून आलेल्या एका गृहस्थांनी चुलत भावाच्या शब्दावर प्लॉट घेतला, जोते बांधले आणि एके सकाळी तिथे दुसऱ्याच कुटुंबाने दगडांची ओळ रचलेली आढळली. वडीलधाऱ्यांच्या बैठका झाडाखाली पाच महिने चालल्या. निवाडा बराचसा त्यांच्या बाजूने लागलाही, पण त्या पाच महिन्यांत ते कामावर मोजके दिवस आले आणि त्यांची नेमणूक संपली. घर बांधायला काढले की माणूस प्रयोगशाळेचा राहत नाही, वाळू-सिमेंटचा होतो. वडिलोपार्जित जागेवर आज कोणी राहत असेल, तर पहिल्या खेपेला तिथे चहा प्यावा, मालकीचे नाव काढू नये.

सुरक्षेबाबत हर्गेसा आणि सोमालियाची राजधानी मोगादिशू यांची गल्लत करू नये. मोगादिशूमध्ये परतलेल्यांनी फार मोठी किंमत मोजली आहे. 3 डिसेंबर 2009 रोजी वैद्यकीय पदवीदान समारंभात झालेल्या आत्मघाती स्फोटात तीन मंत्री मारले गेले, त्यांत आरोग्यमंत्री कमर अदन अली या ब्रिटनमधून परतलेल्या होत्या आणि उच्च शिक्षणमंत्री इब्राहिम हसन अद्दो अमेरिकेतून आलेले होते. 2019 मध्ये शहराचे महापौर अब्दिरहमान ओमर उस्मान, जे अनेक वर्षे लंडनमध्ये राहिले होते, आपल्याच कार्यालयातील स्फोटात जखमी होऊन मरण पावले. हर्गेसात मोठा हल्ला झाला तो 29 ऑक्टोबर 2008 रोजी, आणि त्यानंतरचे तिथले दैनंदिन जीवन बरेच शांत राहिले आहे. मात्र 2023 मध्ये पूर्वेकडील लास अनोदमध्ये महिनोन्महिने लढाई झाली, त्यामुळे ‘सोमालीलँड सुरक्षित आहे’ हे वाक्य शहरापुरतेच खरे मानावे. ब्रिटिश सरकारचा प्रवाससल्ला प्रतिकूल असताना साधा प्रवासविमा लागू होत नाही. वेगळा विमा काढावा लागतो आणि त्याचा हप्ता कोण भरणार हे नेमणूकपत्रात असावे. रोजचा खरा धोका मात्र रस्त्याचा आहे. गाड्या जपानहून आलेल्या, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या, आणि वाहतूकही रस्त्याच्या उजव्या बाजूने, त्यामुळे पुढच्या गाडीला ओलांडताना चालकाला समोरचे काही दिसत नाही. तीनचाकी रिक्षांना तिथे ‘बजाज’च म्हणतात, हे ऐकून पुण्यात शिकलेल्या माणसाला हसू येईल, पण त्यातून जातानाही जपावे.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याविषयी यजमान तुमच्याशी बोलले असतील किंवा नसतीलही. शहराच्या मधोमध, चौकात एका चौथऱ्यावर 1988 च्या बॉम्बवर्षावाची आठवण म्हणून मिग विमान बसवलेले आहे. आजूबाजूला चहावाले, नोटांच्या थप्प्या रचून बसलेले सराफ, शाळेतून सुटलेली मुले. निम्म्याहून अधिक लोक त्या घटनेनंतर जन्मलेले आहेत आणि त्यांना ते भेटण्याच्या ठिकाणाची खूण म्हणून माहीत आहे. यजमानांचे समवयस्क सहकारी मात्र कधीतरी, बहुधा रात्रपाळीत, विचारतील की तू तेव्हा कुठे होतास. पुण्यात, वसतिगृहात, रेडिओवर बीबीसीच्या सोमाली बातम्या लावून बसलो होतो, असे जे काही खरे असेल तेच सांगावे आणि तिथेच थांबावे. दूर राहूनही आम्ही किती सोसले, हे सांगण्याची ती जागा नव्हे. मी पाहिलेल्या परतलेल्या लोकांपैकी अनेकांना पहिल्या दोन महिन्यांत झोप लागत नसे, कारण नसताना ते चिडत, आणि त्याचे खापर वीज, पाणी, कर्मचारी यांच्यावर फोडत. असे दिसू लागल्यास तुम्ही फोनवरून ओळखाल, आणि तेव्हा त्यांना कामातून आठवडाभर सुट्टी घेऊन बर्बेराच्या समुद्रावर जायला सांगा. परत बोलावू नका.

आता तुमच्याविषयी. पहिल्या तीन महिन्यांत तुम्ही बरोबर जाऊ नये, असे माझे मत आहे. कारण धोका नव्हे. तुमच्यासाठी ते सासर आहे, तीस वर्षांत प्रथमच पाहायचे सासर, आणि तिथली माणसे तुमचा असा पाहुणचार करतील की यजमानांच्या संध्याकाळी त्यातच जातील. दुसऱ्या खेपेला दोन-तीन आठवड्यांसाठी जा. डोके झाकण्याची, अंगभर कपड्यांची सवय करावी लागेल. सकाळच्या न्याहारीला ‘लहोह’ नावाची जाळीदार आंबोळी आणि वेलची-दालचिनी घातलेला गोड चहा मिळाला की परकेपणा थोडा कमी होईल. कायम राहण्याचा विचार मात्र तिथे तुमचे स्वतःचे काम ठरल्याशिवाय करू नका. नवऱ्याचा दिवस रुग्णालयात जातो आणि बायको भिंतीआडच्या अंगणात मोबाइलवर मुलांशी बोलत बसते, अशा घरांतूनच माणसे सर्वांत आधी परत गेलेली मी पाहिली आहेत.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. इंग्लंडमधली व्यावसायिक नोंदणी सोडू नये. तिचे दर दोन वर्षांनी नूतनीकरण करत राहावे, कारण दोन ते पाच वर्षांचा खंड पडला तर पुन्हा नोंदणीसाठी 30 दिवसांची आणि त्याहून अधिक खंड पडल्यास 60 दिवसांची उजळणी दाखवावी लागते. सरकारी पेन्शन पूर्ण मिळण्यासाठी 35 वर्षांची वर्गणी लागते, ती किती झाली ते निघण्यापूर्वी तपासावे. पेन्शन सुरू झाल्यावर सोमालीलँडमध्ये कायमचे राहिल्यास तिची वार्षिक वाढ मिळत नाही, ती सुरुवातीच्या रकमेवरच गोठते. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांतील मोफत उपचाराचा हक्कही इंग्लंडमधल्या वास्तव्यावर अवलंबून असतो, म्हणून घर पूर्ण मोडून जाऊ नये.

यजमानांनी आता रुग्णालयाला जे उत्तर पाठवायचे त्यात तीनच गोष्टी असाव्यात. प्रमुखपदाबद्दल आभार, पण तूर्त जानेवारीपासून तीन महिने सध्याच्या प्रमुखांना मदत करण्याची इच्छा आहे. त्यासाठी प्रयोगशाळेतील चालू आणि बंद यंत्रांची यादी, गेल्या सहा महिन्यांत कोणते रिएजंट किती दिवस संपलेले होते त्याची नोंद आणि विजेची वेळ कळवावी. आणि ही माहिती शक्यतो प्रयोगशाळेतील सर्वांत जुन्या तंत्रज्ञांनी स्वतः पाठवावी. तसे पत्र आले, अगदी हाताने लिहिलेल्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो आला तरी, तिकीट काढावे. अदिस अबाबामार्गे किंवा दुबईमार्गे थेट हर्गेसाला विमान आहे. केवळ विश्वस्तांचे छापील आश्वासन आले, तर पुन्हा एकदा तेच पत्र पाठवावे. सामानात एक चांगला व्होल्टमीटर न्यावा आणि पहिल्या आठवड्यात तो त्याच तंत्रज्ञांच्या हाती द्यावा. व्होल्टेज केव्हा पडते ते त्यांना माहीत असेल, किती पडते ते दोघांनी मिळून लिहून काढावे.